खानदेशच्या काळ्या भिंतींत नसलेला हिरवा दगड

धुळे-नंदुरबारकडच्या शिवारांत लांबच लांब काळ्या दगडी भिंती दिसतात. त्या कुणी रचलेल्या नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून चढणारा शिलारस तिथेच थिजला. भोवतीचा खडक झिजला आणि या भिंती, म्हणजे डाइक, उघडे पडले. धुळे-मालेगाव पट्ट्यातल्या काही डाइकांत नाइस, क्वार्टझाइट असे परके तुकडे, म्हणजे झेनोलिथ, अडकलेले आहेत. पण ते भूकवचाचे. त्याखालच्या प्रावरणाचे तुकडे दख्खन ज्वालामुखीच्या काळातल्याच कच्छच्या अल्कली बेसाल्टांत मिळतात.

असं का? प्रावरणातल्या पेरिडोटाइटची, म्हणजे ऑलिव्हिन या हिरव्या खनिजाने भरलेल्या खडकाची, घनता घनसेंटीमीटरला ३.३ ग्रॅमच्या आसपास, बेसाल्टी शिलारसाची २.७. म्हणजे तुकडा सतत बुडू पाहतो. शिलारस न थांबता, काही तासांत किंवा दिवसांत वर आला तरच तो टिकतो. खानदेशचा बहुतेक शिलारस वाटेत भूकवचात मुक्काम करून आलेला. तिथे जड ओझं खाली राहतं, वर येताना वाटेतल्या भूकवचाचे कपचे तेवढे निघतात.

प्रावरणाचा असा तुकडा हाती आला तर शक्यतो मुठीपेक्षा मोठा घ्यावा. यातले कण काही मिलिमीटरचे असतात, त्यामुळे छोटा नमुना सगळ्या खडकाचं प्रमाण दाखवत नाही. भोवतीचा बेसाल्ट करवतीने पुरता काढून करवतीच्या खुणा घासून टाकाव्यात. आळस इथेच महागात पडतो.

मग ०.०३ मिमी जाडीचा काप करून इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या यंत्राखाली खनिजांतल्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजतात. ऑलिव्हिनमधल्या मॅग्नेशियम व लोहाच्या अणूंत मॅग्नेशियम ९२-९३ टक्के असेल तर खडकातून पूर्वी भरपूर वितळ (वितळलेला भाग) निघून गेलेली आहे. आफ्रिकेच्या कापवाल क्रेटॉनखालचं (क्रेटॉन म्हणजे खंडाचा जुना, स्थिर गाभा) शिलावरण, म्हणजे तिथला कठीण थर, असं आहे: लोह कमी म्हणून हलकं, आणि म्हणूनच अब्जावधी वर्षं बुडालं नाही. तुकडा किती खोलून आला ते मात्र ऑलिव्हिन सांगत नाही. ते गार्नेट आणि त्याच्या जोडीच्या पायरॉक्सिन या खनिजातलं ॲल्युमिनियम सांगतं, कारण ते दाबानुसार बदलतं. १ गिगापास्कल दाब म्हणजे ढोबळमानाने ३३ किमी खोली. मोजणी कणाच्या मधोमध आणि कडेला, दोन्हीकडे करावी. प्रवासात तापलेली कड खोटं तापमान देते.

वितळ कधी निघून गेली, त्या वयासाठी ऱ्हेनियम-ऑस्मियम ही धातूंची जोडी. वितळ ऱ्हेनियम घेऊन जाते, ऑस्मियम मागे राहतं. ऱ्हेनियम-१८७ पासून ऑस्मियम-१८७ तयार होणं जवळपास थांबतं आणि ऑस्मियमच्या समस्थानिकांचं त्या क्षणाचं गुणोत्तर गोठतं. बाहेरच्या बेसाल्टचं ऱ्हेनियम मिसळलं की हिशेब बिघडतो. करवतीचा खटाटोप त्यासाठीच. शिवाय थोडं ऱ्हेनियम मुळातच मागे राहिलेलं असू शकतं, म्हणून येणारं वय ‘निदान इतकं’ असंच वाचायचं.

जळगावच्या खाणींतलं हिरवं काही दिसलं तर उगीच हुरळू नये. तिथला हिरवा ॲपोफिलाइट आणि पोकळ्यांतलं सेलाडोनाइट ही खनिजं चाकूने ओरखडतात. ताजं ऑलिव्हिन ओरखडत नाही.