दुसरं कार्ड घातलं की पहिलं का रुसतं: जुन्या युनिक्स मशीनमधल्या डिस्क कंट्रोलरची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात लक्ष्मीपुरीतल्या एका पतसंस्थेतनं फोन आला, "दादा, ते जुनं युनिक्सचं मशीन हाय न्हवं आमचं, त्यात पोरानं दुसरं स्कझी कार्ड घातलं आणि आता मशीन चालूच होईना झालंय, कार्ड जळलं वाटतंय." स्कझी कार्ड म्हणजे डिस्क कंट्रोलर, मशीन आणि डिस्क यांच्यामध्ये बसून डिस्कशी बोलणारं कार्ड. थकबाकीची एक जुनी केस कोर्टात होती, त्यासाठी पंचवीसेक वर्षांपूर्वीची खतावणी पाहिजे होती, ती सगळी एससीओ युनिक्सवर (एससीओ कंपनीची, साध्या पीसीवर चालणारी युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम), आणि डिस्क आता सुपारी कातरल्यासारखा आवाज करायला लागलेली. म्हणून त्यांनी ठरवलं की जुन्या केबलला हात लावायचा नाही, वेगळं कार्ड घालायचं, त्याला दुसरी डिस्क जोडायची आणि सगळा डेटा तिकडं उचलून टाकायचा. विचार एकदम बरोबर होता. मी फोनवरच सांगितलं, कार्ड जळलेलं नसणार, संध्याकाळी येतो.

एवढं छातीठोक सांगता आलं कारण दुसऱ्या कंट्रोलरचं दुखणं बहुतेक वेळा पत्त्याचं आणि नंबराचं भांडण असतं, वाटणी झाल्यावर एकाच दारावर दोन भावांच्या पाट्या लागल्या की पोस्टमनचा जो गोंधळ होतो तोच. आणि हे भांडण युनिक्सइतकंच जुनं आहे, त्यामुळं जरा मागं जायला लागतंय.

युनिक्स जन्मलं १९६९ ला बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातनं, आणि लवकरच ते पीडीपी-११ या मिनीकॉम्प्युटरवर आलं. १९७४ च्या त्यांच्या लेखात त्यांनी आपल्या मशीनचं वर्णन दिलंय: १ एमबीची एक फिक्स्ड-हेड डिस्क, २.५ एमबीचे चार ड्राइव्ह ज्यातल्या डिस्क काढता-घालता यायच्या, आणि ४० एमबीच्या पॅकचा एक मोठा ड्राइव्ह. म्हणजे तीन जातीच्या डिस्क, आणि प्रत्येक जातीला आपापला कंट्रोलर. पण एकाच जातीचे दोन कंट्रोलर? त्याचा विचारच नव्हता. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत आरके जातीच्या डिस्कचा जो ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, आहे त्यात कंट्रोलरचा पत्ता सरळ कोडमध्येच लिहून ठेवलाय, ऑक्टलमध्ये (आठाच्या अंकपद्धतीत) ०१७७४००, बास. तुम्ही दुसरा आरके कंट्रोलर आणून लावला तर तो बिचारा वीज खात बसणार, त्याच्याकडं बघायला सांगणारी एक ओळ त्या ड्रायव्हरमध्ये नव्हती. ती लिहायची, कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, परत कंपाइल करायचा, मग बूट. त्या काळात ज्याच्याकडं युनिक्स त्याच्याकडं सोर्स, त्यामुळं कुणाला त्याचं काही वाटायचंही नाही.

पहिली खरी सुधारणा बर्कली विद्यापीठातल्या लोकांनी केली. १९८१ च्या ४.१ बीएसडी या त्यांच्या युनिक्समध्ये ऑटोकॉन्फिगरेशन आलं, कर्नल बूट होताना संभाव्य पत्त्यांवर जाऊन टकटक करायचा, कुणी आहे का घरात, आणि असला तर त्याला मुद्दाम एक इंटरप्ट (माझ्याकडं बघ म्हणून प्रोसेसरला मारलेली हाक) द्यायला लावायचा, म्हणजे तो कुठल्या नंबरावरनं ओरडतो ते कळायचं. मला ही युक्ती आजसुद्धा लई आवडते. पण ती व्हॅक्सवर, मोठ्या मशीनवर. आपल्या नशिबी आलं ते पीसीवरचं युनिक्स, आणि पीसीनं ही सगळी शहाणपणाची गोष्ट परत शून्यावर आणून ठेवली.

पीसीचं मूळ बघा. १९८० ला सीगेटनं ५ एमबीची एसटी-५०६ हार्डडिस्क काढली (कंपनीचं नाव तेव्हा शुगार्ट टेक्नॉलॉजी), १९८४ ला आयबीएमचा पीसी एटी आला, त्यातला हार्डडिस्क कंट्रोलर बसला १एफ० या पोर्टवर (पोर्ट म्हणजे कार्डाचा पत्ता) आणि त्यानं इंटरप्ट घेतला १४ नंबरचा. एका कंट्रोलरला दोन ड्राइव्ह, आणि बायोसलाही (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) दोनच डिस्क माहीत. पुढं आयडीई ही डिस्क जोडायची नवी पद्धत आली तरी १एफ० आणि १४ तसंच राहिलं, दुसऱ्या चॅनेलसाठी १७० पोर्ट आणि १५ नंबरचा इंटरप्ट अशी वहिवाट पडली. ज्यांना दोनपेक्षा जास्त डिस्क, टेप असलं काही लावायचं होतं ते स्कझीकडं वळले.

स्कझीचं मूळही शुगार्ट नावाच्याच दुसऱ्या एका कंपनीत, शुगार्ट असोसिएट्समध्ये, तिथं सासी नावाचा इंटरफेस तयार झाला, त्याच्यामागचा मुख्य माणूस लॅरी बाउचर १९८१ ला बाहेर पडला आणि त्यानं अ‍ॅडॅप्टेक काढली, आणि १९८६ ला अ‍ॅन्सी या अमेरिकी मानक संस्थेनं स्कझी हे स्टँडर्ड म्हणून छापलं. आठ बिटांची बस (सगळ्यांना जोडणारी सामायिक केबल) म्हणून आठ आयडी, ० ते ७, त्यातला ७ नंबर बहुतेक कार्ड स्वतःला ठेवायचं कारण बसवर बोलण्याच्या भांडणात सर्वात वरचा मान ७ ला. उरले सात. आणि दोन कार्डं घातली की दोन वेगळ्या बस होतात, प्रत्येकीचे आयडी स्वतंत्र, पहिल्या कार्डावर ० आणि दुसऱ्यावरही ० चालतं. हे कित्येक जाणत्या लोकांनाही माहीत नसायचं, आयडी बदलत बसायचे आणि चूक दुसरीकडंच असायची.

आपल्याकडं हे सगळं आलं ते मुख्यतः बँकांच्या दारानं. १९८३ ला रिझर्व्ह बँकेनं डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन, मग युनिक्स. नव्वदच्या दशकात मी बघितलेल्या कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यातल्या पतसंस्था, कारखान्यांची ऑफिसं, बहुतेक ठिकाणी एकच चित्र: एका कोपऱ्यात एक ४८६ किंवा पेंटियम, त्यावर एससीओ, आणि त्याला मल्टिपोर्ट कार्डातनं जोडलेली हिरव्या अक्षरांची आठ डंब टर्मिनलं (नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड). हे मल्टिपोर्ट कार्ड लक्षात ठेवा, कारण तेही एक इंटरप्ट खाऊन बसायचं आणि दुसरा कंट्रोलर घालताना त्याची आठवण कुणालाच यायची नाही.

त्या काळच्या आयसा स्लॉटवर (पीसीत कार्ड खोचायची जुनी खाच) तीन गोष्टी हातानं ठरवायला लागायच्या, पोर्ट, इंटरप्ट आणि डीएमए चॅनेल (थेट मेमरीत डेटा टाकायची वाट), कार्डावरच्या जंपरनी किंवा बारीक स्विचनी. अ‍ॅडॅप्टेकचं १५४२ हे तेव्हाचं सगळ्यांच्या ओळखीचं कार्ड, ते बॉक्समधनं निघायचं तेच ३३० पोर्ट, इंटरप्ट ११, डीएमए ५ आणि कार्डाचा स्वतःचा बायोस डीसी००० या पत्त्यावर. आता तस्संच दुसरं कार्ड आणून घातलं म्हणजे दोघांनी एकाच दारावर पाटी लावल्यासारखं. मग लोक मॅन्युअल बघून पोर्ट तेवढा ३३४ करायचे आणि खूश व्हायचे. पोर्ट बदलला की कार्ड बूटच्या वेळी दिसतं, पण इंटरप्ट तोच राहिला असेल तर पहिल्या खऱ्या कामाला मशीन ताटकळतं, टाइमआउटचे मेसेज, मग सगळं थंड. आयसावरचा इंटरप्ट दोघांत वाटून घेता येत नाही, तो सिग्नलच्या चढत्या कडेवर ओळखला जातो आणि दोघं एकदम ओरडले तर एकाचं ओरडणं वाहून जातं. म्हणून माझा साधा हिशोब असा: कार्ड दिसतच नाही तर पोर्ट बघा, दिसतंय पण डिस्क गप्प आहे तर इंटरप्ट किंवा टर्मिनेटर बघा, आणि सगळं दिसतंय पण भलतीच डिस्क बूट व्हायला बघतेय तर बायोस.

टर्मिनेटरवर जरा थांबतो कारण त्यानं माझे सगळ्यात जास्त तास खाल्लेत. स्कझीच्या केबलची दोन टोकं, दोन्ही टोकांना टर्मिनेटर पाहिजे आणि मध्ये कुठंही नको, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून परत येतो आणि डेटात कचरा मिसळतो. जुन्या ड्राइव्हच्या पोटाखाली तीन रेझिस्टर पॅक असायचे, केस विंचरायच्या कंगव्याचा तुकडा तोडून ठेवल्यासारखे दिसायचे, प्रत्येक लाइनला ५ व्होल्टकडं २२० ओहम आणि ग्राउंडकडं ३३० ओहम. ड्राइव्ह केबलच्या मध्ये असेल तर ते बारीक पकडीनं उपसून काढायचे. आणि काढले की ते हरवायचे! शिरोलीच्या एका फाउंड्रीत मला ते टेबलाच्या खणात रबरबँड लावून, उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यात ठेवलेले सापडले होते, ज्यानं ठेवले त्याला मनात दंडवत घातला. दुसरं कार्ड घालताना लोक नवीन केबलला जुन्या साखळीतनं काढलेली डिस्क जोडतात, ती आधी मध्ये होती म्हणून तिचे पॅक काढलेले असतात, आता ती टोकाला आलीय हे लक्षात येत नाही, आणि मग "कार्ड डिफेक्टिव्ह आलंय" म्हणून दुकानदाराशी वाद.

सन कंपनीच्या मशीनवर वेगळी गंमत. सनओएस ४ या सनच्या युनिक्सच्या दिवसांत स्पार्कस्टेशनच्या आतली पहिली डिस्क टार्गेट ३ वर (म्हणजे स्कझी आयडी ३) असायची पण तिचं नाव एसडी०, आणि टार्गेट ० वरच्या डिस्कचं नाव एसडी३. हो, उलटंच. मग १९९२ पासून सोलारिस २ आलं, त्यात सिस्टिम फाइव्ह रिलीज ४ ची पद्धत, सी०टी३डी०एस० असली नावं, सी म्हणजे कंट्रोलर, टी टार्गेट, डी डिस्क, एस स्लाइस. बाहेरच्या लोकांना हे अवघड जायचं, कोल्हापूरकरांना का जावं, आपले पत्ते असेच की, ई वॉर्ड, राजारामपुरी, अमुकवी गल्ली, घर नंबर तमुक. कंट्रोलर म्हणजे वॉर्ड, टार्गेट म्हणजे गल्ली, डिस्क म्हणजे घर, स्लाइस म्हणजे खोली. दुसरं कार्ड घातलं की नवा वॉर्ड पडला. सनवर ओके प्रॉम्प्टला प्रोब-स्कझी-ऑल मारलं की सगळे वॉर्ड फिरून कोण कुठं राहतंय त्याची यादी यायची, मग बूट मायनस आर, म्हणजे युनिक्स स्वतः नव्यानं जनगणना करायचं. पण एकदा दिलेला नंबर ते लिहून ठेवायचं, आणि कार्ड एका स्लॉटमधनं काढून दुसऱ्यात घातलं की त्याला नवा नंबर, सी१ चा सी२, आणि जुन्या दारावरची पाटी तशीच लटकत.

१९९२ लाच इंटेलनं पीसीआय हा नवा स्लॉट आणला, जंपर गेले, पत्ते आपोआप वाटले जायला लागले, इंटरप्टही वाटून घेता यायला लागला. पत्त्याचं भांडण मिटलं, नंबराचं राहिलं. कारण बायोस कार्डं एका क्रमानं मोजतो आणि कर्नल कधीकधी दुसऱ्याच, बूटलोडर (कर्नल उठवणारा छोटा प्रोग्रॅम) बायोसच्या हिशोबानं पहिल्या डिस्कवरनं उठतो आणि कर्नल म्हणतो पहिली ती, ही न्हवं. लिनक्सवर तर एसडीए, एसडीबी ही नावं सापडेल त्या क्रमानं, दुसरं कार्ड आधी सापडलं की कालची एसडीए आज एसडीबी. शेवटी लोकांनी नावावरचा विश्वास सोडला आणि फाइलसिस्टिमवरच लेबल किंवा यूयूआयडी (एकमेव ओळख-नंबर) कोरून ठेवायला लागले.

तर त्या संध्याकाळी लक्ष्मीपुरीत. मशीन आयसावालं. पोरानं पोर्ट ३३४ बरोबर केलेला, पण इंटरप्ट ११ च, डीएमए ५ च, आणि बायोस चालू, तोही सी८००० वर. मशीन चालू होताना मदरबोर्डचा बायोस कार्डांवरचे रॉम (म्हणजे त्यांचे बायोस) सी८००० पासून वर वर शोधत जातो, त्यामुळं डीसी००० वरच्या जुन्या कार्डाच्या आधी हे नवं सापडलं, त्याची कोरी डिस्क झाली पहिली, आणि कोऱ्या डिस्कवरनं काय बूट होणार? दुसऱ्या कार्डाचा बायोस बंद केला. युनिक्सला एकदा उठल्यावर त्याची गरजच नसते. इंटरप्ट १० करणार होतो तर तिथं मल्टिपोर्ट कार्ड बसलेलं, म्हणून १२ (पीएस-टू माउस नव्हता, बरं झालं), डीएमए ६. डिस्कच्या पोटाखाली बघितलं, तिन्ही पॅक जागेवर. चालू केलं, जुनं युनिक्स उठलं.

पण नवी डिस्क लगेच दिसत नसते, एससीओवर एमकेडेव्ह एचडी ही कमांड दोनदा चालवायला लागते, हे न कळून अर्धे लोक इथंच हात टेकतात. पहिल्यांदा ते विचारतं कुठलं कार्ड, कितवं कार्ड, आयडी किती, एलयूएन (त्या आयडीतला उपनंबर) किती, मग कर्नल नव्यानं लिंक होतो, जुना युनिक्स.ओल्ड म्हणून बाजूला राहतो (काही बिनसलं तर बूट प्रॉम्प्टला तेच नाव टाइप करायचं), मग रीबूट, आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर पार्टिशन, त्याचे तुकडे (डिव्ही) वगैरे. पोरगा म्हणाला, "सर, मी एकदाच चालवून आत डिस्क नाही म्हणून परत कार्ड बदलायला निघालो असतो." मॅनेजरसाहेब मागं उभे राहून चहा सांगत होते.

झाकण लावताना आतल्या बाजूला एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसली, सेलोटेपनं चिकटवलेली, १९९८ ची तारीख. पहिल्या ओळीत ३३०, ११, ५. दुसरीत बॉलपेननं: दुसरे कार्ड घातल्यास ३३४, १२, ६, बायोस बंद. माझ्या आधी हे मशीन बघणाऱ्या कुणीतरी कार्ड येण्याआधीच जागा राखून ठेवलेली. पोरानं मोबाईलवर फोटो काढला, मी टार (फाइली उचलून न्यायची कमांड) चालू केलं, आणि जुन्या डिस्कचा तो सुपारीचा आवाज ऐकत आम्ही पावणेदोन तास बसलो.