मुंबईची जलविद्युत आणि शहररचना

मुंबईच्या गिरण्या, उपनगरे आणि पायथ्याची औद्योगिक गावे यांची घडण सह्याद्रीतील टाटा जलविद्युत प्रकल्पांशी जोडलेली आहे. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही त्यांची तीन वीजघरे. लोणावळा-मावळ-मुळशीच्या माथ्यावर धरणे बांधून भीमा खोऱ्यातले पाणी अडवले, पाइपांतून घाटाखाली कोकणात सोडले आणि तयार झालेली वीज तारांनी मुंबईला नेली.

वाफेवरच्या गिरणीची इमारत इंजिनाच्या सोयीने बांधलेली असे. बॉयलरघर, चिमणी आणि पाण्याचा तलाव आवारातच लागे. एकाच इंजिनाची ताकद जाड दोरांनी प्रत्येक मजल्यावरच्या, यंत्रे फिरवणाऱ्या दांड्यांना पोहोचवावी लागत असल्याने मजले इंजिनघराला चिकटून एकावर एक चढत. विजेच्या मोटारी आल्यावर हे बंधन सुटले. चिमण्या मात्र धूर थांबल्यावरही उभ्या राहिल्या. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची लोकल सुरू झाली आणि कामगार-कारकुनांना दूरच्या उपनगरात राहणे परवडू लागले.

याची किंमत मुळशीने मोजली. सरकारने भूसंपादन कायदा वापरून टाटा कंपनीच्या धरणासाठी भातखाचरे आणि गावठाणे घेतली. १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. मोबदला मिळताच त्यांतल्या अनेकांनी माघार घेतली, कसणारे मावळे एकटे पडले आणि लढा १९२४ मध्ये मोडला. मुंबईच्या इतिहासात गिरणगावाइतकेच पान या बुडालेल्या गावांना मिळायला हवे.

वीज काढून सोडलेल्या पाण्याने पुढे वेगळाच भूगोल घडवला. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते, तिच्या काठी रसायनीचे कारखाने व वसाहती आहेत. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीला मिळते आणि बदलापूर, अंबरनाथ, कल्याण त्यावर तगतात. भिऱ्याचे पाणी कुंडलिकेतून रोह्याकडे, धाटावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जाते. त्यामुळे हे पाणी पुन्हा पूर्वेला, दुष्काळी भीमा खोऱ्याकडे वळवावे ही मागणी जोर धरते, तेव्हा घाटाखालच्या नळांचा आणि कारखान्यांचा प्रश्न लगेच पुढे येतो.