दारू न पिणाऱ्या पोराचं स्वादुपिंड

आमच्या गावातल्या पाचवीतल्या एका पोराच्या केसपेपरवर ‘पॅन्क्रियाटायटिस’, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, लिहिलेलं निघालं, आणि पारावर कुजबूज सुरू: लेकराला दारू पाजली कोणी? मोठ्यांत दारू हे मोठं कारण आहेच, पण मुलांची गोष्ट वेगळी.

हा पठ्ठ्या पांदणीत सायकलवरून पडला होता. हँडलच्या मुठीचं रबर कधीच गळालेलं. ती उघडी नळी बेंबीच्या वर रुतली. स्वादुपिंड पाठीच्या कण्यावर आडवं असतं, त्यामुळे ते नळी आणि कण्यामध्ये चेंगरलं. वर साधा ओरखडा. दुसऱ्या दिवशी पोटात कळा, उलट्या. आजी म्हणाली बेंबी सरकली, आणि पोट चोळून घेतलं! मेळघाटात तर अजून डंबा देतात, तापल्या विळ्याचे चटके. सुजलेल्या पोटावर यापेक्षा वाईट काय करणार?

आता खरी गंमत. प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडच बनवतं, मग ते स्वतःलाच का पचवत नाही? कारण ते बोथट रूपात बनतं: ट्रिप्सिनोजेन. आतड्यात एन्टेरोकायनेज नावाचं एन्झाइम त्याचं टोक छाटतं, तेव्हा धार येते. चुकून आतच धार आलीच, तर स्पिंक-१ नावाचं प्रथिन त्याच्या जबड्यात पाचर ठोकतं. तशीच पाचर आपल्या कच्च्या सोयाबीनमध्येही असते. म्हणून ते शिजवल्याशिवाय पचत नाही. शिवाय ट्रिप्सिन आपल्या साखळीतल्या १२२व्या जागी, आर्जिनिन या अमिनो आम्लापाशी, स्वतःलाच कापून संपवतं. नेमकी ती जागा बदललेली घराणी १९९६ साली सापडली. त्यांच्यात हा आजार पिढीजात. आपल्याकडे वारंवार दुखणाऱ्या मुलांत स्पिंक-१चाच बिघाड जास्त दिसतो.

मार, खडे, जंत, गालगुंड, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, कशानंही आतल्या आत धार येऊ शकते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजारही धरा: १२० दिवस जगणारी तांबडी पेशी या आजारात १०-२० दिवसांत फुटते, पित्ताचे खडे होतात, खडा स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकतो. पण सिकलसेलच्या पोराचं पोट दुखलं की ‘क्रायसिस’, म्हणजे सिकलसेलचीच नेहमीची कळ, म्हणून सोडून देतात. तेव्हा रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं चरबी पचवणारं एन्झाइम, तपासा म्हणावं. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं असेल तर संशय पक्का.

उपचार साधे: सलाईन, दुखण्यावर औषध, लक्ष. अँटिबायोटिक सरसकट लागत नाही. पूर्वी दिवसेंदिवस उपाशी ठेवत. आता उलटी थांबली की एक-दोन दिवसांतच खायला देतात. सौम्य आजार साधारण आठवड्यात उतरतो.

आमच्या पठ्ठ्याला तिसऱ्या दिवशी वरणभात मिळाला. बापानं सायकलला नव्या मुठी बसवल्या.