गिअर केबल गेली की नुसता बुश?

ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर एके दिवशी हाताला एकदम हलका लागतो. पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) अशा सगळ्या जागांवरून तो सुरळीत फिरतो, पण गाडी जागची हलत नाही. किंवा डी टाकला तरी गाडी मागेच जाते. अशा वेळी पहिलं निदान ठरलेलं असतं, 'गिअर केबल तुटली.' मीही तेच धरून चाललो होतो. नवी केबल मागवली, पुढच्या दोन सीटमधला कन्सोल उघडला, अर्धा दिवस खटपट करून जुनी केबल बाहेर ओढली, तर ती धडधाकट! गेला होता तो तिच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश, बोटाच्या पेराएवढा. पिवळा पडून त्याला इतके तडे गेले होते की नखाने दाबल्यावर त्याचा भुगा झाला.

या दोन वस्तू एकाच कामात असतात, म्हणून घोटाळा होतो. केबल म्हणजे आवरणात पुढे-मागे सरकणारी पोलादी तार. लिव्हरची हालचाल ती गिअरबॉक्सवरच्या सिलेक्टर आर्मपर्यंत, म्हणजे गिअर बदलणाऱ्या छोट्या दांड्यापर्यंत पोचवते. तारेच्या टोकाला एक डोळा असतो आणि आर्मवर गोल माथ्याची छोटी खुंटी. या दोन्हींच्या मधे बसतो तो बुश. इंजिनाजवळच्या उष्णतेने तो वर्षानुवर्षं शेकत राहतो, कडक होतो, चिरतो आणि एक दिवस खुंटीवरून निसटतो. तार शाबूतच असते, फक्त तिचा हात सुटलेला असतो.

म्हणून लिव्हर कसा लागतो ते आधी आठवा. आधी किंचित सैल, मग अचानक पूर्ण मोकळा झाला असेल, तर संशय बुशवर घ्यावा. दिवसेंदिवस जड होत गेला, ओढताना खरखर लागली, थंडीत जास्तच अडला, तर दोष बहुधा केबलमध्ये आहे. आवरणात पाणी शिरून तार गंजते, किंवा एक्झॉस्टला टेकून आवरण वितळतं आणि तारेला धरून ठेवतं. झिजलेल्या बुशमुळे लिव्हर जड होत नाही. केबल तुटली तर लिव्हर मोकळा होतो हे खरं, पण तुटण्याआधी ती बहुतेक वेळा काही दिवस कुरकुरते. (लिव्हर पी मधून हलतच नसेल, तर गोष्ट वेगळी. ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेकचे दिवे लागतात का ते आधी पाहा, अडचण शिफ्ट लॉकची, म्हणजे ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पी मधून हलू न देणाऱ्या कुलपाची असू शकते.)

अंदाजावर थांबू नका, खात्री करायला फार वेळ लागत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे, इंजिन बंद. हे सोडून पुढे जाऊच नका, कारण केबल सुटलेली असताना लिव्हर पीवर असला तरी गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये असू शकतो. आता एकाने चावी ऑन करून, ब्रेक दाबून लिव्हर फिरवायचा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सकडचं टोक पाहायचं. केबलचा डोळा सरकतोय पण आर्म स्थिर आहे? मग बुश गेला. डोळाही हलत नाही? मग कन्सोलखालचं टोक बघा, तिथेही असाच जोड असतो. तोही ठीक असेल, तर केबल. शेवटी गिअरबॉक्सकडचं टोक सोडवून आर्म हाताने फिरवा. प्रत्येक जागी 'खट्' असं बसणं जाणवलं पाहिजे. आर्मच घट्ट असेल, तर केबल आणि बुश दोन्ही निर्दोष आहेत.

२०२२ साली फोर्डने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या त्या याच जोडासाठी. गिअरबॉक्सकडचा बुश खराब होऊन केबल सुटण्याचा धोका होता. उपाय होता नवा बुश आणि त्यावर संरक्षक टोपी.

बुश बदलणं हे तासाभराचं काम. डोळ्यातले जुने तुकडे काढा, खुंटी पुसून ती झिजलेली नाही ना ते पाहा, नवा बुश सरळ दाबून बसवा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत जोड दाबा. प्लास्टिकचा टाय किंवा तार बांधून वेळ मारून नेता येते, पण तशी गाडी रस्त्यावर आणू नये. काही गाड्यांना बुश सुटा मिळतच नाही, तिथे मात्र केबलला पर्याय नाही.

केबल बदलायची तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, कारण अनेक गाड्यांत कन्सोलखाली एअरबॅगचं मॉड्यूल असतं. गाडी उचलावी लागली तर स्टँड लावा, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. नवी केबल जुन्याच वाटेने न्या. तीव्र वळण नको, एक्झॉस्टपासून दूर, मधली प्रत्येक क्लिप जागेवर. आणि खरं कौशल्य लागतं ते जुळणीला. लिव्हर आणि आर्म दोन्ही एकाच जागी ठेवून मगच केबलची लांबी जुळवणारा अ‍ॅडजस्टर लॉक करायचा. ती जागा एन की पी, हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावं. इथे थोडा फरक राहिला तर लिव्हर पीवर दिसतो पण आतलं पार्किंग कुलूप अर्धवट लागतं.

त्यामुळे बुश बदलला असो वा केबल, शेवटची तपासणी सारखीच. इंजिन फक्त पी आणि एन मध्येच सुरू झालं पाहिजे, आर टाकताच मागचे पांढरे दिवे लागले पाहिजेत. मग सपाट जागी इंजिन बंद करून, लिव्हर पीवर ठेवून, एकाला ब्रेकवर पाय ठेवून बसवा आणि हँडब्रेक सोडायला सांगा. त्याने पाय अलगद उचलल्यावर गाडी बाजूने हलकेच ढकला. ती किंचित झुलून जागीच थांबली की ठोकळे काढायला हरकत नाही.