झिंक ऑक्साइडमधील वीज ऑक्सिजनच्या रिक्त जागांमुळे वाहत नाही
मुद्दाम काहीही न मिसळलेल्या झिंक ऑक्साइडमधूनही वीज वाहते, आणि त्याचे श्रेय स्फटिकातील ऑक्सिजनच्या रिक्त जागांना (जिथे ऑक्सिजनचा अणू असायला हवा पण नसतो) देण्याचा प्रघात अनेक दशके चालत आला आहे. तो चुकीचा आहे. त्या जागांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी वहनपट्ट्याच्या (इलेक्ट्रॉन जिथे मोकळे होऊन वीज वाहून नेतात, त्या ऊर्जापातळ्यांच्या) सुमारे १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली, म्हणजे फारच खोल असल्याचे आकडेमोड दाखवते. खोलीच्या तापमानाला मिळणारी औष्णिक ऊर्जा जेमतेम ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असताना ते सुटणार कसे? जस्ताच्या वाफेत तापवलेला हा एरवी रंगहीन स्फटिक लालसर होतो, त्यामागे मात्र याच जागांचे प्रकाशशोषण असल्याचे मानले जाते (गैरसमजाला बळ बहुधा इथूनच मिळाले असावे). वाहकतेबाबत खरा संशय नकळत शिरलेल्या हायड्रोजनवर आहे: तो येथे सहज इलेक्ट्रॉन देतो, हे संशोधक ख्रिस व्हॅन डी वॉले यांनी २००० मध्ये गणिताने दाखवले आणि पुढे प्रयोगांनीही त्याला दुजोरा दिला.