गोल्फमध्ये चूक स्वस्त झाली

१९६३ साली अमेरिकेत डॅलस इथे पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या गोल्फ स्पर्धेच्या निमित्तानं लांब फटक्यांची एक छोटी स्पर्धा झाली. तेवीस वर्षांच्या जॅक निक्लॉसनं तिथे चेंडू ३४१ यार्ड, म्हणजे जवळजवळ ३१२ मीटर लांब मारला. त्याच्या हातातल्या ड्राइव्हरचं, म्हणजे सर्वात लांब मारायच्या काठीचं (गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात), डोकं पर्सिमनच्या लाकडाचं होतं. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या, म्हणजे तेंदूपत्त्याच्या झाडाच्या, जवळच्या नात्यातलं. चेंडू होता गाभ्याभोवती ताणून रबराचा धागा गुंडाळून केलेला.

म्हणजे लांब मारता येणं ही काही नवी गोष्ट नाही. पण त्या काळी असा फटका मुख्य स्पर्धेत प्रत्येक होलवर, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर, मारायला कुणी धजत नसे. पूर्ण ताकद लावली आणि नेम किंचित चुकला, तर चेंडू कुठल्या झाडीत जाऊन पडेल याचा भरवसा नसे. ती धास्ती आज बरीच ओसरली आहे. माझ्या मते गोल्फमधल्या गेल्या तीस वर्षांच्या बदलाचं मूळ इथेच आहे. अंतर वाढलं हा त्याचा दिसणारा भाग. त्याच्या मुळाशी आहे ती चुकीची घटलेली किंमत.

आधी आकडे पाहू. १९८० मध्ये पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या ड्राइव्हची, म्हणजे टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेल्या पहिल्या लांब फटक्याची, सरासरी सुमारे २५७ यार्ड होती. १९९७ मध्ये जॉन डॅलीनं हंगामभराची सरासरी ३०० च्या वर नेली, तेव्हा तो एकटाच होता. २०२३ मध्ये साऱ्या टूरचीच सरासरी जवळजवळ ३०० यार्डांवर आली आणि रोरी मॅकिलरॉय ३२६ वर होता. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमारेषा जास्तीत जास्त ८२ मीटरवर असते, त्याच्या सव्वातीनपट.

ड्राइव्हर आणि चेंडू यांची गाठ पडते ती जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदापुरती. एका सेकंदाचे दोन हजार भाग केले, तर त्यातला एक. तेवढ्यात सुमारे २०० ग्रॅमचं क्लबचं डोकं जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमच्या चेंडूवर आदळतं. चेंडू चपटा होतो आणि परत फुगून सुटतो. डोक्याचा वेग ताशी १२० मैल असेल, तर चेंडू ताशी १८० मैलांच्या, म्हणजे २९० किलोमीटरच्या आसपास वेगानं निघतो. चेंडू क्लबपेक्षा जवळजवळ दीडपट वेगानं जातो, कारण तो क्लबच्या मानानं खूप हलका आहे आणि रबर दाबल्यावर उसळतं.

पण चेंडू दबताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. घन लाकडाचा ड्राइव्हर स्वतः फारसा दबत नाही, त्यामुळे बहुतेक सगळं दबणं चेंडूच्या वाट्याला येतं आणि नासाडीही तिथेच होते. १९९० च्या दशकात टायटॅनियमची पोकळ डोकी आली. त्यांचा पुढचा पत्रा इतका पातळ, की आदळताना तो किंचित आत जातो आणि ट्रॅम्पोलिनसारखा परत येतो. चेंडू कमी दबतो, ऊर्जा कमी वाया जाते. १९९८ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं, यूएसजीएनं, या उसळीवर मर्यादा घातली. तेव्हापासून बाजारातला कोणताही कायदेशीर ड्राइव्हर या बाबतीत दुसऱ्याच्या फार पुढे जाऊ शकत नाही. तरीही अंतर वाढत राहिलं. त्याचं कारण हवेत आहे.

गोल्फच्या चेंडूवर खळगे का असतात, हे क्रिकेट बघणाऱ्या मराठी वाचकाला समजायला सोपं आहे. नव्या चेंडूची शिवण स्विंग घडवते, कारण शिवणीच्या बाजूला चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर खळबळतो. खळबळलेला थर चेंडूला जास्त वेळ धरून राहतो आणि उशिरा सुटतो. क्रिकेटच्या चेंडूवर हे एका बाजूला घडतं, म्हणून चेंडू वळतो. गोल्फच्या चेंडूवर खळगे सगळीकडे असतात, म्हणून थर सगळीकडेच उशिरा सुटतो, मागे ओढली जाणारी हवेची पोकळी लहान होते आणि विरोध घटतो. गुळगुळीत चेंडू तेवढ्याच जोरानं मारला, तर निम्म्याच्या आसपासच जातो.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून आलेलं नाही. १८४८ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये गटापर्चाचे चेंडू आले. रूट कॅनल करताना दाताच्या पोकळीत दंतवैद्य जो गटापर्चा भरतात, तोच हा मलायातल्या झाडाचा चीक. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नवा कोरा चेंडू लवकर खाली येतो आणि वापरून चरे पडलेला मात्र छान उडतो. मग ते मुद्दाम हातोडीनं चेंडूवर खुणा पाडू लागले. १९०५ मध्ये विल्यम टेलर या इंग्रज उत्पादकानं खळग्यांचं पेटंट मागितलं.

दुसरा शोध एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांचा. त्यांनी चेंडूला एक लांब फीत बांधून फटका मारायला लावला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजलं. फटक्यानंतर चेंडू उलटी फिरकी घेतो, म्हणजे त्याचा वरचा भाग मागच्या दिशेनं फिरतो, आणि ही फिरकी त्याला हवेत उचलून धरते. मला हा प्रयोग फार आवडतो. आज ज्या कामाला लाखो रुपयांचं रडार लागतं, ते टेट यांनी फितीवर भागवलं.

आता खरा मुद्दा. चेंडू बाजूला वळतो, तेव्हा त्याला दोन वेगळ्या फिरक्या असतात असं नाही. फिरकी एकच असते, फक्त तिचा आस तिरपा होतो. क्लबचं तोंड जरा उघडं राहिलं की आस कलंडतो आणि वर उचलणारं बल बाजूलाही ओढायला लागतं. म्हणून एकूण फिरकी जितकी जास्त, तितकं त्याच चुकीचं वळण मोठं. उलटी फिरकी फार झाली तर चेंडू उंच चढतो आणि पुढे जायचं सोडून वरच्या वर ताकद गमावतो.

विसाव्या शतकाच्या शेवटपर्यंत व्यावसायिक खेळाडू या पेचात अडकलेले होते. ग्रीनजवळ, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळ, चेंडू पडून जागीच थांबावा यासाठी त्यांना मऊ आवरणाचा, खूप फिरकी घेणारा चेंडू हवा असे. पण हाच चेंडू ड्राइव्हरनं मारतानाही खूप फिरकी घेई. फिरकी नको असेल तर कडक चेंडू होता, पण तो ग्रीनवरून घरंगळत पुढे जाई. दोन्ही एकत्र मिळत नसत. जोरात मारायचं की नियंत्रण ठेवायचं, हा निवाडा प्रत्येक फटक्याला करावा लागे.

२००० साली हा पेच सुटला. टायगर वुड्सनं त्या वर्षी धागा नसलेला, घन गाभ्याचा चेंडू वापरून लागोपाठ मोठ्या स्पर्धा जिंकल्या. ऑक्टोबरमध्ये टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही-वन टूरवर आला आणि पहिल्याच आठवड्यात चाळीसहून अधिक खेळाडूंनी तो हातात घेतला. या चेंडूचे थर वेगवेगळ्या कामांसाठी असतात. ड्राइव्हरचा जबरदस्त तडाखा पार गाभ्यापर्यंत पोचतो. गाभा मऊ आणि त्यावरचा थर कडक असल्यानं फिरकी कमी लागते. वेजचा, म्हणजे जवळून उंच मारायच्या क्लबचा, तिरपा, हलका फटका मात्र वरच्या पातळ युरेथेनच्या आवरणाला खरवडत जातो, तिथे भरपूर फिरकी मिळते. एकाच चेंडूचे दोन स्वभाव. २००० मध्ये टूरची सरासरी २७३ यार्डांच्या आसपास होती, २००३ मध्ये ती सुमारे २८६ झाली. खेळाडूंच्या दंडांतलं बळ काही तीन वर्षांत एवढं वाढलं नव्हतं.

याच काळात ड्राइव्हरचं डोकं फुगत होतं. पर्सिमनचं डोकं मुठीएवढं असे. आता नियमानं परवानगी आहे ४६० घनसेंटिमीटरपर्यंत. पोकळ असल्यामुळे त्याचं वजन कडेकडेला नेता येतं. गोल गोल फिरणारी नर्तकी हात पसरले की सावकाश फिरते, तसं कडेला वजन असलेलं डोकं चेंडू मध्याबाहेर लागला तरी सहजी वळत नाही. लाकडी ड्राइव्हरवर बोटभर बाजूला लागलेला फटका वाया जाई. आज तसा फटका थोडा आखूड पडतो, एवढंच.

कमी फिरकी आणि न वळणारं डोकं, या दोन्हींनी मिळून चूक स्वस्त केली. चूक स्वस्त झाल्यावर जोर लावणं हा शहाणपणाचा सौदा ठरला. हे मग आकड्यांनीही सिद्ध झालं. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या लक्षावधी फटक्यांच्या नोंदी तपासून प्रत्येक फटक्याची किंमत काढायची पद्धत तयार केली. गोल्फमध्ये पूर्वापार समजूत होती, की लांब ड्राइव्ह दाखवण्यापुरता आणि पैसा मिळतो तो ग्रीनवरच्या पटमधून, म्हणजे खड्ड्याकडे ढकललेल्या हलक्या फटक्यांतून. ब्रॉडींचं गणित उलटं निघालं: चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या पलीकडून मारलेल्या फटक्यांतून येतो. रफमधून, म्हणजे कडेच्या दाट गवतातून, छोट्या क्लबनं मारणं हे फेअरवेवरून, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यावरून, लांब क्लबनं मारण्यापेक्षा अनेकदा परवडतं.

हे सगळ्यात टोकाला नेलं ब्रायसन डीशॅम्बोनं. भौतिकशास्त्र शिकलेल्या या खेळाडूनं व्यायामानं शरीर वाढवलं आणि २०२० च्या यूएस ओपनमध्ये विंग्ड फूटच्या अरुंद मैदानावर बेधडक ड्राइव्हर चालवला. चार दिवसांत ५६ पैकी फक्त २३ वेळा त्याचा चेंडू फेअरवेवर राहिला. तरीही तो पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, सहा कमी घेऊन जिंकला, आणि पारपेक्षा कमी फटके घेणारा तो एकटाच होता. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याची ग्रीनवरची आणि रफमधली कामगिरीही अफलातून होती, आणि आजचे खेळाडू खरोखर जास्त तंदुरुस्त आहेत. सगळं श्रेय टायटॅनियमला देणं अन्याय होईल. पण ती ताकद न बिचकता वापरता येते, ती साधनांमुळेच.

यात मैदानांचं काय झालं ते ऑगस्टा नॅशनलच्या तेराव्या होलवर दिसतं. मास्टर्स स्पर्धेतला हा होल डावीकडे वळतो आणि ग्रीनसमोरून ओढा वाहतो. पार पाचचा. रचनाकारांनी घातलेलं कोडं असं: पहिला फटका वळणाजवळ नीट ठेवलास, तर दुसऱ्या फटक्यात ओढ्यावरून ग्रीन गाठायची हिंमत करशील का? हातात लांब, बेभरवशाचा क्लब आणि समोर पाणी. चेंडू लांब जायला लागल्यावर खेळाडू वळणावरच्या झाडांवरूनच मारू लागले आणि दुसऱ्या फटक्याला छोटा क्लब उरला. कोडं संपलं. ऑगस्टा नॅशनल संस्थेनं २०१७ मध्ये शेजारच्या गोल्फ संस्थेकडून जमीन घेतली, टी मागे सरकवला आणि २०२३ मध्ये ५१० यार्डांचा हा होल ५४५ चा झाला. १९९७ मध्ये टायगर वुड्सनं बारा फटक्यांच्या फरकानं मास्टर्स जिंकली तेव्हा अख्खं मैदान सात हजार यार्डांपेक्षा कमी होतं. आज ते साडेसात हजारांच्या पुढे आहे.

ऑगस्टाकडे पैसा आहे. सगळ्यांकडे शेजारची जमीन नसते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानात तर काही टी मूळ हद्दीबाहेर न्यावे लागले. सतरावा होल लांब करायला २०१० च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेसाठी टी शेजारच्या सरावाच्या मैदानात गेला. मैदान लांबलं की गवत कापायचं क्षेत्र वाढतं, पाणी वाढतं, चालणं वाढतं आणि सामना रेंगाळतो. लांबी हाच एकमेव उपाय नाही, हेही खरं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेरियनचं सात हजार यार्डांहूनही छोटं मैदान अरुंद फेअरवे आणि दाट रफच्या जोरावर असं उभं राहिलं, की जस्टिन रोझ पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन यूएस ओपन जिंकला. पण प्रत्येक मैदान असं आवळायचं म्हटलं, तर खेळ एकसुरी होईल.

खेळाचं साधन आवरण्याची वेळ येते, हे भालाफेकीनं दाखवून दिलंय. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होननं १०४.८० मीटर फेक केली. भाला मैदानात मावेना. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे आणला, म्हणजे नाक लवकर खाली येईल. २०२५ मध्ये दोहाला नीरज चोप्रानं ९०.२३ मीटर फेकल्यावर आपण जल्लोष केला, तो या आवरलेल्या भाल्यावर. त्या जल्लोषात काही कमी पडलं असं मला तरी वाटलं नाही.

गोल्फच्या नियामकांनी, यूएसजीए आणि आर अँड ए या संस्थांनी, २००२ मध्येच संयुक्त निवेदनात म्हटलं होतं की वरच्या पातळीवर अंतर आणखी वाढणं इष्ट नाही. कृतीला एकवीस वर्षं लागली. मार्च २०२३ मध्ये त्यांनी फक्त अव्वल स्पर्धांसाठी वेगळ्या चेंडूचा प्रस्ताव मांडला, त्याला खेळाडू आणि कंपन्यांकडून कडवा विरोध झाला. डिसेंबरमध्ये त्यांनी सर्वांसाठी एकच नियम जाहीर केला: अव्वल स्पर्धांना २०२८ पासून, बाकीच्यांना २०३० पासून.

नियमाची युक्ती सुंदर आहे. यंत्रमानवानं ताशी १२० मैल वेगानं मारलेला चेंडू ३१७ यार्ड, अधिक तीन यार्डांची सूट, यापुढे जाता कामा नये, अशी चाचणी आहे. अंतराची ही मर्यादा तशीच ठेवून यंत्रमानवाचा वेग १२५ मैल केला आहे. आजचे चेंडू आधीच मर्यादेला टेकलेले आहेत, त्यामुळे ते आपोआप नापास होतील. कंपन्यांना चेंडू थोडा मंद करावा लागेल किंवा त्याला हवेचा जास्त विरोध व्हावा असे खळगे घालावे लागतील. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जो जास्त जोरात मारतो त्याचं नुकसान जास्त. सर्वात लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड जातील, हौशी खेळाडूंचे पाच किंवा त्याहून कमी, असा नियामकांचा अंदाज आहे. पुण्यात जन्मलेला व्यावसायिक गोल्फपटू अनिर्बान लाहिरी असो की रविवारी चेंबूरच्या मैदानात उतरणारे एखादे काका, चेंडू दोघांना एकच लागेल.

निर्णय मला योग्य वाटतो, पण अपुरा. पंधरा यार्ड कमी झाल्यानं पूर्ण ताकदीनं मारण्याचा सौदा बदलत नाही. सगळे थोडे मागे येतील आणि तितक्याच निर्धास्तपणे मारतील. खरा प्रश्न ४६० घनसेंटिमीटरच्या त्या डोक्याचा आहे, जे मध्याबाहेरचा फटकाही पोटात घालतं. डिसेंबर २०२३ च्या घोषणेत नियामकांनी त्याचाही उल्लेख केला आहे: चेंडू मध्याबाहेर लागतो तेव्हा ड्राइव्हर किती सांभाळून घेतो, याचा अभ्यास सुरू राहील. निक्लॉसच्या पर्सिमनच्या ड्राइव्हरला ही सवलत माहीतच नव्हती.