तज्ज्ञांची उलटतपासणी

परिषदेची शेवटची रात्र. चौदा-पंधरा माणसं एका खोलीत बसून अहवाल लिहिताहेत. त्या विषयातलं तज्ज्ञ त्यांच्यात कुणीच नाही. सकाळी अहवाल सगळ्यांसमोर वाचला जाईल. माहिती चुकली असेल तर तज्ज्ञांनी ती दुरुस्त करायची; मतांना मात्र हात लावायचा नाही.

डेन्मार्कमध्ये १९८७ पासून भरलेल्या ‘सहमती परिषदां’ची ही पद्धत. पहिला विषय होता उद्योग आणि शेतीतलं जनुक तंत्रज्ञान. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि आलेल्या पत्रांतून वय, शिक्षण, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण अशा सगळ्या बाबतींत वेगवेगळी माणसं निवडायची. त्यांनी दोन शनिवार-रविवार अभ्यास करायचा आणि प्रश्न काढायचे. उत्तरं द्यायला कुणाला बोलवायचं, यातही त्यांचा शब्द. मला खरी मेख इथेच दिसते: तज्ज्ञ व्याख्यानाला नव्हे, साक्षीला येतात.

पण जनुक म्हणजे काय हे ज्याला परवा कळलं, तो काय ठरवणार? शंका रास्त आहे. जनुक बदललेला जिवाणू प्रयोगशाळेबाहेर तग धरेल का, हे जीवशास्त्रज्ञालाच विचारावं लागतं. नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, तपासणी करणाऱ्याचा पगार कुणाकडून येतो, ज्याला हे नकोच आहे त्याने काय करायचं, हे मात्र सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. धोका किती, याचा हिशेब मांडता येतो. किती धोका पत्करायचा, हे कुठल्याच सूत्रात बसत नाही.

अशा अहवालांचं बंधन संसदेवर नसतं. तरी पहिल्या परिषदेनंतर डॅनिश संसदेने जैवतंत्रज्ञान कार्यक्रमातून प्राण्यांच्या जनुकबदलाला पैसे द्यायचे नाहीत, असं ठरवलं. पद्धतीत खोट नाही असं मात्र नव्हे. जाहिरात वाचून पत्र लिहिणारा माणूस मुळातच थोडा उत्साही. ज्याला सुट्टी मिळत नाही, तो येणार कुठून? म्हणून चिठ्ठ्या टाकून निवड करणं आणि आलेल्यांना मानधन देणं, हे उपाय करतात.

वेळेचा पेच त्याहून अवघड. तंत्रज्ञान आणि समाज यांचे अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी तो १९८० मध्ये मांडला: तंत्रज्ञान कोवळं असताना वळवता येतं, पण परिणाम दिसत नाहीत; परिणाम दिसतात तोवर त्यात पैसा अडकलेला असतो आणि लोकांना सवय लागलेली असते. नागरिकांना लवकर बोलावलं, तर विचारायचं काय हेच सुचत नाही. उशिरा बोलावलं, तर त्यांचा पहिला प्रश्न असतो, “आता आम्हाला कशाला विचारता?”